खिळ्यांचे जहाज

('डिटेक्टोरिस्ट्स' या दूरचित्रवाणी मालिकेच्या निमित्ताने)

दूरचित्रवाणीवर शोध फार लवकर लागतात. संशोधक सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो, दचकतो, आणि पुढच्या दृश्यात त्याचे अभिनंदन सुरू होते. प्रत्यक्षात संशोधनाचा बराचसा काळ काहीच न सापडण्यात जातो. हे 'काहीच न सापडणे' प्रामाणिकपणे, तरीही कंटाळा येऊ न देता दाखवणाऱ्या कलाकृती थोड्याच आहेत. बीबीसीची 'डिटेक्टोरिस्ट्स' ही मालिका त्यांपैकी एक. तिचा विषय विज्ञान नाही, एक छंद आहे. आणि विनोदी मालिका म्हणूनच तिची गणना होते. तरीही निरीक्षण, पुरावा आणि नोंद यांविषयी ती बरेच काही सांगते, आणि एका ठिकाणी, आमच्या मते, चुकीचे सांगते. शिक्षकांना दोन्ही गोष्टी उपयोगी पडाव्यात म्हणून हे परीक्षण.

मालिकेचे लेखन आणि दिग्दर्शन मॅकेंझी क्रूक यांचे. २०१४, २०१५ आणि २०१७ या वर्षी तिची तीन पर्वे झाली आणि २०२२ च्या नाताळात एक दीर्घ भाग आला. इंग्लंडच्या पूर्वेकडील एसेक्स परगण्यातील एका काल्पनिक गावात अँडी आणि लान्स हे दोन मित्र सुट्टी मिळाली की धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, घेऊन शेते धुंडाळतात. अँडीची भूमिका क्रूक यांनी स्वतः केली आहे, लान्सची टोबी जोन्स यांनी. गावात अशा छंदिष्टांचे एक लहानसे मंडळ आहे. त्याचा अध्यक्ष निवृत्त पोलिस असून जुन्या गुंड्यांचा, म्हणजे बटणांचा, मोठा जाणकार आहे. अँडीची जोडीदार प्राथमिक शिक्षिका आहे. सॅक्सन राजा सेक्सरेड याचे जहाजातील दफन आपल्याला सापडावे, हे दोघा मित्रांचे स्वप्न. पण रोज हाताला लागतात त्या गुंड्या, मोडके खेळणे आणि शीतपेयाच्या डब्यांच्या ओढकड्या.

यंत्र काय ऐकते?

ओढकड्यांचा विनोद मालिकेत वारंवार येतो. त्यामागे पदार्थविज्ञान आहे, ते समजले तर विनोद अधिक रंगतो.

यंत्राच्या गोल थाळीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडलेला असतो. त्यामुळे सतत बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्यात लहान लहान भोवरी प्रवाह फिरू लागतात. फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले प्रवर्तन ते हेच. या प्रवाहांचेही एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. हा परतीचा संकेत मूळ प्रवाहाच्या किती मागे रेंगाळतो, यावरून यंत्र धातूविषयी अंदाज बांधते. चांदीचे किंवा तांब्याचे जाड नाणे एका प्रकारे उत्तर देते, पातळ अ‍ॅल्युमिनियम दुसऱ्या प्रकारे. गंमत अशी, की सोन्याची बारीक अंगठी आणि अ‍ॅल्युमिनियमची ओढकडी यांची उत्तरे पुष्कळदा एकसारखीच येतात. ओढकडी नको म्हणून तो पल्ला बंद करावा तर सोनेही मुकते. म्हणून अँडी आणि लान्स यांना प्रत्येक आवाजासाठी गुडघे टेकावे लागतात.

या तत्त्वाचा एक जुना उपयोग शिक्षकांना सांगता येईल. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनी असेच यंत्र घाईघाईने तयार केले. प्रयत्न फसला, खाटेतल्या धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला असावा, असे मानले जाते. यंत्राला धातू कळतो, पण तो कशातला, कशासाठी तिथे आला, हे कळत नाही.

लोखंडाची गोष्ट आणखी वेगळी. ते लोहचुंबकीय असल्यामुळे त्याचे उत्तर निराळे ओळखू येते. शतकानुशतके नांगरलेल्या शेतात मोडके खिळे, नाल, साखळ्यांचे तुकडे भरपूर असतात. प्रत्येकासाठी कोण खणणार? म्हणून बहुतेक यंत्रांवर लोखंड वगळण्याची सोय असते, आणि छंदिष्ट ती सहसा वापरतात. यंत्र लोखंडापुरते बहिरे होते. ही सोय लक्षात ठेवावी; पुढच्या सगळ्या विवेचनाचा तो कणा आहे.

खिळे जागच्या जागी ठेवले म्हणून

अँडी आणि लान्स यांच्या स्वप्नाला खरा आधार आहे. एसेक्सच्या शेजारच्या सफोक परगण्यात डेबेन नदीजवळ सटन हू नावाची जागा आहे. मालिकेचे चित्रीकरणही बरेचसे याच परगण्यात झाले. सटन हू येथे एडिथ प्रिटी या बाईंच्या जमिनीवर मातीचे जुने उंचवटे होते. ते खणून पाहण्यासाठी त्यांनी बेसिल ब्राउन यांना बोलावले. ब्राउन हे शेतकऱ्याचे पोर, औपचारिक शिक्षण थोडे, पण अभ्यास दांडगा. मे १९३९ मध्ये सर्वांत मोठ्या उंचवट्यात त्यांना लोखंडाचा एक गंजका खिळा सापडला. मग आणखी, एका ओळीत.

इथे ब्राउन यांनी जे केले त्याला तोड नाही. त्यांनी खिळे उपटले नाहीत. ते जागच्या जागी ठेवून भोवतालची वाळू हळूहळू काढली. आम्लधर्मी मातीत जहाजाचे लाकूड तेराशे वर्षांत पूर्णपणे कुजून गेले होते. उरला होता वाळूवरचा काळसर डाग आणि खिळ्यांच्या रांगा. त्या रांगांमधून सुमारे २७ मीटर लांबीचे जहाज डोळ्यांसमोर उभे राहिले. फळ्या कोठे जोडल्या होत्या, बाक कसा होता, सगळे मोजता आले. लाकडाचा तुकडाही शिल्लक नसलेले ते जहाज होते.

मध्यभागी दफनकक्ष होता. त्यात सोन्याची ३७ नाणी, रत्नजडित अलंकार, चांदीची भांडी आणि एक शिरस्त्राण. आज चित्रांतून प्रसिद्ध असलेले ते शिरस्त्राणही मुळात लोखंडाचे, आणि सापडले ते शेकडो तुकड्यांत. मृतदेह मात्र दिसला नाही. पुढे १९६० नंतरच्या दशकात पुन्हा उत्खनन झाले तेव्हा मातीतील फॉस्फेटचे प्रमाण तपासले गेले आणि तिथे एकेकाळी देह असावा असे दिसून आले. हे दफन सातव्या शतकाच्या सुरुवातीचे. ते ईस्ट अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

आता कल्पना करा, की हेच दफन जमिनीत उथळ आहे आणि तिथे एखादा हौशी यंत्र घेऊन फिरतो आहे. (प्रत्यक्षात ते इतके खोल होते, की हौशी यंत्राचा आवाज तिथवर पोचलाच नसता. नाण्याएवढी वस्तू अशा यंत्राला साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते.) लोखंड वगळलेले असल्याने खिळ्यांवर यंत्र गप्प राहील. सोन्यावर ते वाजेल, सोने बाहेर निघेल, वर्तमानपत्रात छायाचित्र येईल. आणि लोखंड वगळले नसेल तर? मग खिळेही बाहेर येतील: बादलीभर गंजके खिळे. सोने आहे, खिळे आहेत. जहाज कुठे आहे? जहाज कोणत्याच वस्तूत नव्हते. ते वस्तूंमधल्या अंतरांत होते.

कथा आणि तथ्ये

आता मालिकेकडे परत येऊ. तिसऱ्या पर्वात छंदाची महती सांगणारे एक छोटे भाषण आहे. त्याचा आशय असा: पुरातत्त्वज्ञ तथ्ये गोळा करतात, तुकडे जुळवून लोक कसे राहत होते ते सांगतात, आम्ही डिटेक्टोरिस्ट मात्र विखुरलेल्या आठवणी उकरून काढतो, माणसांच्या कथा शोधतो. भाषण सुंदर आहे आणि प्रेक्षकाला ते मनापासून पटते. आमचा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

तथ्ये एकीकडे आणि कथा दुसरीकडे अशी वाटणी होत नाही. एसेक्समध्येच प्रिटलवेल येथे २००३ मध्ये एक संपन्न दफन सापडले. तिथेही आम्ल मातीने हाडे खाऊन टाकली होती. दातांच्या लुकणाचे कण तेवढे उरले. शवपेटीच्या डोक्याकडील बाजूस सोन्याच्या पातळ पत्र्याचे दोन छोटे क्रूस मिळाले. ते मृताच्या डोळ्यांवर ठेवले असावेत, म्हणजे तो किंवा त्याचे आप्त ख्रिस्ती धर्माच्या वळणावर आलेले असावेत, असा निष्कर्ष निघाला. यापेक्षा माणसाच्या जवळ जाणारी कथा कोणती? पण ती कळली 'डोक्याकडील बाजूस' या दोन शब्दांमुळे. तेच दोन क्रूस कोणी खिशात घालून आणले असते तर ते सोन्याचे दोन लहान पत्रे ठरले असते. तथ्य हरवले की कथाही हरवते.

मालिकेला हे अजिबात कळत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात अँडीला ससाणे पाळणाऱ्याची जुनी शिट्टी सापडते आणि तो ती वाजवतो. मग संवादाविना काही मिनिटांत त्या जमिनीचा इतिहास आपल्यापुढे उलगडतो: सोन्याची नाणी पुरली कशी गेली, शतकांनंतर नांगराच्या फाळाने ती वर कशी आली, मॅगपाय पक्ष्यांनी ती कशी उचलून नेली. वस्तू सापडते ती जागा आणि ती मुळात ठेवली गेली ती जागा वेगळी असू शकते, मधल्या काळात तिच्यावर बरेच काही गुदरलेले असते, हा पुरातत्त्वाचा अवघड धडा इतक्या देखण्या रीतीने शिकवलेला आम्ही अन्यत्र पाहिलेला नाही. (मॅगपाय चमकत्या वस्तू चोरतात हा मात्र लोकसमज. एक्झेटर विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत हे पक्षी चमकत्या वस्तूंना बिचकताना आढळले.)

तरी कथेचा शेवट लेखकाला सोन्यावरच करावासा वाटतो. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी लान्सला सोन्याचा दागिना मिळतो. तिसऱ्याच्या शेवटी नाण्यांचा पाऊस पडतो. विनोदी मालिकेला आनंदी शेवट हवा, हे मान्य. पण तीन पर्वे 'सापडण्यापेक्षा शोधणे मोलाचे' असे सांगून बक्षीस मात्र सोन्याचेच द्यायचे, हा आतला विरोध राहतोच. कथेतला सर्वांत मोठा आनंद एखाद्या खिळ्यामुळे झाला असता, तर ही मालिका आणखी मोठी झाली असती.

सटन हूच्या उत्खननावर 'द डिग' हा चित्रपट २०२१ मध्ये आला. त्यात खिळे आहेत, ब्राउन यांची निष्ठा आहे. चूक वेगळीच आहे, आणि शिक्षकांना ती झोंबावी. ऑगस्ट १९३९ मध्ये उघडे पडलेले जहाज पाहायला मर्सी लॅक आणि बार्बरा वॅगस्टाफ या दोन शाळाशिक्षिका सुट्टीत आल्या आणि त्यांनी शेकडो छायाचित्रे काढली. लगेच महायुद्ध पेटले. वाळूतला तो ठसा पुढे टिकणारा नव्हता. त्यामुळे या दोघींची छायाचित्रे हा जहाजाचा अमोल पुरावा ठरला. चित्रपटाने त्यांना गाळून त्यांच्या जागी एक देखणा काल्पनिक तरुण छायाचित्रकार आणला. सोने शोधणाऱ्याचे नाव राहते, नोंद करणाऱ्याचे पुसले जाते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

नोंद केली की छंदाचे शास्त्र होते

यावरून धातुशोधनाचा छंदच वाईट, असे कोणी समजू नये. नांगरलेल्या शेताच्या वरच्या थरातील वस्तू आधीच हललेल्या असतात. यंत्राने, खताने त्यांची झीजही होत असते. अशी वस्तू उचलून तिचे नेमके ठिकाण नोंदवले तर नुकसान थोडे आणि लाभ मोठा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली अशा वस्तूंच्या नोंदीची योजना चालते. गावोगावच्या अधिकाऱ्यांकडे छंदिष्ट आपल्या वस्तू नेतात. त्या ओळखल्या जातात, मोजल्या जातात, जागेसह नोंदवल्या जातात आणि बहुधा परत दिल्या जातात. आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. त्यांत राजमुकुट नाहीत. पट्ट्यांची बक्कले, गुंड्या, आणि मोड म्हणून अर्धे किंवा पाव कापलेली चांदीची नाणी आहेत. एकट्या अर्ध्या नाण्याला फारसे मोल नाही. पण अशी हजार नाणी नकाशावर मांडली की बाजार कुठे भरत होते, रस्ते कुठून जात होते, हे दिसू लागते.

सटन हूपासून जवळच रेंडलशॅम हे गाव आहे. तिथल्या शेतात रात्री चोरून यंत्रे फिरवणाऱ्यांचा उपद्रव वाढला, तेव्हा जमीनमालकाने पुरातत्त्वज्ञांना कळवले. २००८ पासून काही वर्षे निवडक अनुभवी छंदिष्टांनी त्यांच्याबरोबर शेते पद्धतशीर चाळली आणि प्रत्येक वस्तूचे स्थान टिपले. आठव्या शतकात बीड या इतिहासकाराने उल्लेखिलेले राजनिवासाचे ठिकाण त्यातून निश्चित झाले आणि २०२२ मध्ये उत्खननात २३ मीटर लांबीच्या सभागृहाच्या खुणा मिळाल्या. चोरांच्या हातातले यंत्र आणि या छंदिष्टांच्या हातातले यंत्र यांत फरक नव्हता. फरक वहीचा होता.

वही नसली की काय होते, तेही पाहू. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये नवव्या शतकातील नाण्यांचे दोन साठे सापडले. वॉटलिंग्टनच्या साठ्याची वर्दी शोधकाने लगेच दिली. मातीचे ढेकूळच्या ढेकूळ उचलून प्रयोगशाळेत नेले गेले. लेमस्टरजवळचा साठा शोधकांनी लपवला आणि विकायला काढला. त्यात सुमारे तीनशे नाणी असावीत असा अंदाज आहे. हाती आली ती तीसेक. २०१९ मध्ये गुन्हेगारांना तुरुंगवास झाला, पण साठा पुन्हा एकत्र आला नाही. साठ्यातील सर्वांत नवे नाणे कोणते यावरून तो कधी पुरला हे ठरते. नाणी पांगली की तो हिशेबच करता येत नाही.

आपल्याकडे

महाराष्ट्रात हा छंद रुजलेला नाही, आणि कायदाही वेगळा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. संरक्षित स्थळी परवानगीवाचून खणणे हा गुन्हा आहे. तेव्हा यंत्र घेऊन किल्ल्यावर सहल काढण्याचा विचार शिक्षकांनी मनातही आणू नये.

पण प्रश्न आपलाही आहे. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला तांब्याच्या चार भरीव मूर्ती सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. भारतीय धातुकलेतील त्या अपूर्व वस्तू आहेत. पुढे तिथे मोठी उत्खनने झाली. तरीही त्या चार वस्तू कोणत्या काळच्या, हा वाद मिटलेला नाही. काही अभ्यासक त्या उत्तर हडप्पा काळातील मानतात; डी. पी. अग्रवाल यांनी धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली. त्या शेतकऱ्याचा यात काहीच दोष नाही. मूर्ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होत्या, हे मूळ खणताना कोण पाहणार? पण ते पाहिले गेले असते, तर वादाला इतकी जागाच उरली नसती.

वर्गात करून पाहा

मालिका पाहायला मिळो न मिळो, तिच्यावरचा आमचा आक्षेप वर्गात तपासून पाहता येईल. दोन पसरट ट्रे घ्या. दोन्हींत वाळूखाली चाळीस-पन्नास छोटे खिळे होडीच्या आकारात उभे खोचा आणि वाळूने झाका. मधोमध एक नाणे पुरा. एका गटाला लोहचुंबक द्या आणि 'सापडेल ते काढा' एवढेच सांगा. दुसऱ्या गटाला मऊ कुंचला, मोजपट्टी आणि आलेखाचा कागद द्या; खिळा दिसला की तो न हलवता त्याची जागा कागदावर टिंबाने दाखवायची. पहिल्या गटाचे काम पाच मिनिटांत होईल, दुसऱ्याला तास लागेल.

मग दोन्ही गटांना एकच प्रश्न विचारा: इथे काय पुरले होते? पहिला गट म्हणेल, खिळे. दुसऱ्या गटाच्या कागदावर होडी असेल.